पाण्यातली ट्रायल

(म्हैसूर, देवराज मोहल्ला. लेडीज टेलर गुरुराव यांचं दुकान. दुपारची जेवायची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. गुरुराव बायकोच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा लाल पोशाख टाचण्या लावून बसवतायत.)

अनुसूया: घरातला मिठाचा डबा रिकामा कसा झाला, ते मला आधी सांगा.

गुरुराव: हलू नकोस. टाचणी टोचेल.

अनुसूया: टोचू दे. परवाच भरला होता. आज सारात घालायला चिमूटभर मीठ नाही. शेजारच्या सुमाकडनं मागून आणलं, लाज वाटली मला.

गुरुराव: बादलीत घातलं.

अनुसूया: कुठल्या बादलीत?

गुरुराव: अंघोळीच्या. समुद्राचं पाणी खारट असतंय की नाही? मग कापड खाऱ्या पाण्यात भिजवून बघायला नको? रंग सुटून तुझ्या अंगाला लागला तर नाव कुणाचं जाईल? आमचे आजोबा रंगारी होते. त्यांच्या घरात न भिजवता कापडाला कात्री लागली नाही कधी.

अनुसूया: म्हणजे काल दार लावून तासभर आत होतात ते हे. मला वाटलं पोट बिघडलंय. ओवा काढून ठेवला होता मी.

गुरुराव: रंग पक्का आहे. थेंबभर सुटला नाही. आता हात वर कर.

अनुसूया: अय्यो, काखेत ओढतंय.

गुरुराव: ओढणारच. श्वास धरून उभी आहेस. सोड.

अनुसूया: सोडला. पण तुम्हाला लालच मिळालं का हो? साठी उलटली माझी. तिथले मासे हसतील.

गुरुराव: लाल लांबनं दिसतं. लाटेनं तुला कुठं नेलंच, तर बोटीवरच्या माणसाला दिसायला नको?

अनुसूया: तिथं भाड्यानंही मिळतात म्हणे. काळे, अंगाला चिकटून बसणारे. आपली भाग्या म्हणाली—

गुरुराव: भाड्याचे. ज्यात आधी शंभर माणसं घामेजून गेलीत, ते टेलरच्या बायकोनं घालायचे. आपल्या घरातल्या बाईनं रेडिमेड झंपर घातला नाही आजवर, आणि तू भाड्याचं घालणार.

अनुसूया: म्हणून तर तुमच्याकडं आले ना, गिऱ्हाईक होऊन. बायको म्हणून सांगितलं असतं तर नाहीच म्हणाला असता.

गुरुराव: नाहीच म्हणतोय अजून.

अनुसूया: आणि शिवताय.

गुरुराव: शिवतोय म्हणजे जा म्हटलं असं नाही. विमानात एकटी बसणार तू? बंगळुरूला जायचं तर शेजारच्या पवनकुमारला सोबत नेतेस. त्यातून अंदमान. तिथं उतरायचं, परत बोट, मग ते एवढंसं बेट. मधे कुठं चुकलीस तर विचारणार कुणाला? तुझी हिंदी ऐकून तुला पोलीस धरतील.

अनुसूया: एकटी कशाला? भाग्यानं दोन तिकिटं पाठवलीत. एकावर तुमचं नाव आहे.

गुरुराव: ते रद्द करायला सांगितलं होतं मी.

अनुसूया: मी नाही केलं. बाजूची खुर्ची रिकामी गेली तर जाऊ दे, मी तिच्यावर पिशवी ठेवीन.

गुरुराव: मागं फिर. खांदा बघू दे.

अनुसूया: पूर्वी चार माणसांत सुद्धा मला 'भाग्याची आई' म्हणून हाक मारायचात. आता नुसतं 'अगं'. 'हे बघ'. नाव घेतलं की जीभ भाजते काय तुमची?

गुरुराव: खांदा सरळ ठेव.

अनुसूया: ठेवला. पण मला सांगा, ती काय चोरी करते तिथं? पाठीला हवेची टाकी बांधून लोकांना पाण्याखाली नेते, मासे दाखवते, सुखरूप वर आणते. शिक्षक आहे तिथली. मला तर खाली जायचंही नाही. अंगात ते फुगीर जाकीट असणार, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. वर तरंगायचं आणि खाली बघायचं, बास. ती माझा हात धरणार आहे.

गुरुराव: पोहता येत नाही तुला.

अनुसूया: बुडायलाही येणार नाही त्या जाकिटात. अहो, मला त्या माशांचं काय करायचंय? मासे मी देवराज मार्केटच्या पलीकडं टोपलीत बघितलेत. आपल्या मुलीला तिथं असं काय दिसलं की हे दुकान दिसेनासं झालं, ते एकदा बघून यायचंय मला. नाहीतर मी मरेपर्यंत विचार करत बसेन.

गुरुराव: सरी, बरं. झालं बोलून?

अनुसूया: नाही. वरच्या फळीवर ते बोचकं अजून तसंच आहे.

गुरुराव: असू दे.

अनुसूया: माझ्या वांगी रंगाच्या सिल्कच्या साडीचा ब्लाऊज आहे तो. कापून तीन वर्षं झाली. भाचीच्या, सुष्माच्या लग्नात ती साडी मी दुसऱ्याच ब्लाऊजवर नेसले. सगळ्यांनी बघितलं. टेलरची बायको, आणि ब्लाऊज मॅचिंग नाही.

गुरुराव: ते मी कापलं नाही.

अनुसूया: ठाऊक आहे कुणी कापलंय ते.

गुरुराव: मग विचारू नकोस. ज्यानं कापलं त्यानंच शिवायचं, आणि ज्यानं शिवलं त्यानंच ट्रायल घ्यायची. आमच्या बाबांचा नियम. आत माया म्हणून जादा कापड किती सोडलंय, कुठं सैल द्यायचंय, ते कापणाऱ्याच्या डोक्यात असतं. दुसऱ्यानं हात घातला की कपडा बिघडतो. या दुकानात आजवर कुणी मोडला नाही तो नियम.

अनुसूया: म्हणजे कापणारी आल्याशिवाय माझा ब्लाऊज होणार नाही.

गुरुराव: नाही.

अनुसूया: आणि कापणारीला फोन तुम्ही करणार नाही.

गुरुराव: खाली बघू दे. चालून दाखव जरा.

अनुसूया: हे काय वाजतंय? घेराला टकटक होतंय.

गुरुराव: काही नाही. चाल.

अनुसूया: थांबा, मी तिलाच दाखवते. दुपारची ती किनाऱ्यावर असते. घालून बघितला की फोन कर म्हणाली होती.

गुरुराव: मला त्यात धरू नकोस. माझं तोंड दिसता कामा नये. फक्त कापड दाखव.

अनुसूया: कापडच दाखवते. तुमच्या तोंडात बघण्यासारखं काय राहिलंय? हां, लागला. हॅलो, भाग्या, दिसतेय का मी?

भाग्या: दिसतेस, आई. फोन जरा लांब धर. अजून. अय्यो, किती छान दिसतेस तू. थांब, थांब, गोल फिर एकदा.

गुरुराव: विचार तिला, बाही पुरे काय.

अनुसूया: बाही पुरे काय, विचारतायत.

भाग्या: ऐकू आलं मला. पुरे आहे म्हणून सांग. मनगटापर्यंत आहे ते बरं, नाहीतर उन्हानं हात सोलून निघतात.

अनुसूया: पुरे आहे म्हणतेय.

गुरुराव: मला ऐकू येतंय.

अनुसूया: दोघांनाही ऐकू येतंय, तर मी मधे कशाला आहे?

गुरुराव: फोन धरायला. विचार, गळा बंद ठेवलाय तो टोचणार नाही ना. वरनं ते जाकीट येणार म्हणालीस.

भाग्या: नाही टोचणार. उलट बरंच आहे, जाकिटाचा पट्टा घासत नाही. अप्पांना सांग, गळा एकदम परफेक्ट आहे. आई, मगाशी फिरलीस तेव्हा काहीतरी वाजलं. खाली काय लावलंय?

अनुसूया: तेच मी विचारत होते. काय लावलंय हो?

गुरुराव: शिशाच्या गोळ्या. पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतो तशा. दुमडीत ओवून वरनं शिवून टाकल्यात.

भाग्या: कशाला?

गुरुराव: तिला सांग, पाण्यात कुर्ता वर येईल म्हणून. छत्रीसारखा फुगून गळ्यापर्यंत येईल. सगळ्या बोटीसमोर. गोळ्या असल्या की खाली राहतो.

अनुसूया: ऐकलंस ना?

भाग्या: ऐकलं. आई, तू जरा फोन त्यांच्याकडं फिरव.

गुरुराव: नको.

भाग्या: मग असंच ऐका, अप्पा. मी आता मुलगी म्हणून बोलत नाही, इन्स्ट्रक्टर म्हणून बोलते. इथं वजन आम्हीही घालतो, कमरेला. पण त्या पट्ट्याचं बकल एका हिसक्यात सुटतं. काही झालं तर पहिलं काम तेच, वजन टाकायचं आणि वर यायचं. तुम्ही ते शिवून टाकलंय. ते आईला टाकता येणार नाही. जाकीट तिला वर ओढणार आणि घेर पायांना खाली. पायात गुंडाळला तर ती घाबरेल. आणि घाबरलेलं माणूस नळीतनं पाणी ओढतं.

अनुसूया: ऐकलंत का? अहो.

गुरुराव: ऐकलं.

अनुसूया: बसता कशाला खाली? चक्कर आली का?

गुरुराव: भाग्याच्या आई, कात्री दे.

अनुसूया: हं. ही घ्या.

गुरुराव: ती नको, उसवायची दे, लहान. पाय हलवू नकोस. मी पडद्यासारखा विचार केला. कपडा खाली नीट बसावा एवढंच डोक्यात होतं माझ्या. आत माणूस आहे हे सुचलंच नाही. बायकोच्या अंगाला शिसं शिवून समुद्रात पाठवत होतो मी.

अनुसूया: साकु, पुरे. पाठवलं नाहीत ना अजून? दोघंही एवढ्याशा गोष्टीवरनं घाबरवू नका मला.

भाग्या: अप्पा, चुकलं नाही तुमचं. इथं नवीन येणारे सगळे काहीतरी चुकतातच. गोळ्या काढा आणि दोन्ही बाजूंना खाली चीर ठेवा. पाणी बाजूनं निघून जातं, मग फुगत नाही.

गुरुराव: विचार तिला, चीर केवढी.

अनुसूया: मी नाही विचारत. माझे हात दुखले फोन धरून.

भाग्या: वीतभर बास होते. आणि आई, लाल रंग मला फार आवडला. वरती तरंगताना एकदम उठून दिसशील. खाली नेलं असतं तर मात्र उपयोग नव्हता. खाली लाल राहत नाही.

अनुसूया: म्हणजे?

भाग्या: खाली गेलं की सगळ्यात आधी लालच जातो. थोडं खोल गेलीस की तुझा हा कुर्ता राखेसारखा दिसेल. अजून खाली तर काळाच.

गुरुराव: सुम्नं, उगाच काहीतरी सांगू नकोस म्हणावं. खाऱ्या पाण्यात भिजवून बघितलाय मी. पक्का रंग आहे.

भाग्या: रंग कच्चा नाही. वर आणला की परत लालच असतो.

गुरुराव: मग तेवढ्या वेळात गेला कुठं?

भाग्या: अप्पा, हे तुम्ही मला विचारलंत?

गुरुराव: विचारलं. गेला कुठं ते सांग.

भाग्या: जात नाही कुठं. कापडातच असतो. उजेडातला लाल वरचं पाणीच खाऊन टाकतं, खालपर्यंत पोचूच देत नाही. निळा तेवढा पोचतो. म्हणून खाली सगळं निळं आणि राखाडी दिसतं. पहिल्यांदा खाली गेले तेव्हा एक फांदीसारखं प्रवाळ बघितलं, मातकट. मनात म्हटलं, हे काय, सगळे उगाच नावाजतात. मग आमच्या सरांनी त्यावर टॉर्च मारला. अप्पा, असा लाल उठला ना. आजोबांच्या खोलीत पणजोबांचा तो जुना फेटा आहे बघा, आतल्या घडीत, तसा. मला तिथं पाण्याखाली रडू आलं. काचेच्या आत रडलं की पुसताही येत नाही.

गुरुराव: फेट्यासारखा लाल?

भाग्या: तसाच. तुम्ही बघितला असता तर कशानं रंगवलाय ते ओळखलं असतंत.

गुरुराव: मंजिष्ठेच्या मुळीचा रंग आहे त्या फेट्याला. आता कुणी करत नाही तसा. पाण्याखाली आहे म्हणतेस?

भाग्या: आहे. रोज बघते मी.

अनुसूया: मला हे कधी सांगितलं नाहीस.

भाग्या: तुला सांगितलं असतं तर तू छान म्हणाली असतीस. त्यांना सांगायचं होतं मला.

अनुसूया: बरं बाई. मी आहेच फोन धरायला. बोलणं संपलं की सांगा दोघं, टेकवून ठेवते हा फोन त्या मशीनला.

भाग्या: अप्पा, तुमचा चष्मा बदललात?

गुरुराव: दिसतोय का मी?

भाग्या: आईनं फोन टेकवला तेव्हापासून दिसताय. बारीक झालात.

गुरुराव: तू काळी झालीस. हाताला काय ते? बोटांना चिकटपट्ट्या लावल्यात.

भाग्या: सुई टोचलीय. आमचे पाण्यातले सूट फाटतात, खडकाला घासून. इथं शिवणारं कुणी नाही, सगळे माझ्याकडं आणून टाकतात. दुपारी मी तेच करते. बेटावर मला कुणी मॅडम म्हणत नाही, अप्पा. टेलर म्हणतात.

गुरुराव: ते रबराचं जाड कापड असतं ना? दोरा कुठला लावतेस?

भाग्या: नायलॉन. मेणातनं ओढून घेते.

गुरुराव: बाबाही मेण लावायचे. आणि टाका?

भाग्या: आरपार काढायचा नाही, नाहीतर भोकातनं पाणी आत येतं. अर्ध्या जाडीतनं सुई न्यायची आणि परत वर. तुम्ही सिल्कला तुरपाई शिकवली होती, वरनं टाका दिसता कामा नये म्हणून. तीच. कापड तेवढं जाड.

गुरुराव: बोटाला शिवायचं टोपण घालत नाहीस. आधीपासून घालत नाहीस. म्हणून टोचतं.

भाग्या: इथं टोपण मिळत नाही.

अनुसूया: मी आणते येताना. इथं खणात डझनभर पडलीत.

भाग्या: अप्पा, एक विचारते. फोन बंद करणार नाही ना?

गुरुराव: फोन तुझ्या आईचा आहे.

भाग्या: दुकानावरचा बोर्ड काढलात?

अनुसूया: मी सांगते. काढला नाही. 'गुरुराव अँड डॉटर' तसाच आहे, फक्त धूळ बसलीय. गिऱ्हाईक विचारतं, मास्तर, डॉटर कुठं आहे? तर हे सांगतात, मापं घ्यायला गेलीय.

भाग्या: तीन वर्षं?

अनुसूया: तेच तर. ती मंडी मोहल्ल्यातली भवानीबाई परवा म्हणाली, अहो, एवढं कुणाचं मोठं माप आहे?

भाग्या: अप्पा.

गुरुराव: काय सांगायला पाहिजे होतं मग? आयुधपूजेला बोर्ड लावला, कात्रीला कुंकू लावलं, मशीनला हार घातला, सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. आणि संध्याकाळी पोरगी म्हणाली, मी चालले. हे सांगू गिऱ्हाइकाला?

भाग्या: मला आधी विचारायला पाहिजे होतं तुम्ही.

गुरुराव: तुला अचानक दाखवायचं होतं. खूश होशील म्हणून.

भाग्या: झालेच की खूश. बोर्डावर 'डॉटर' वाचून मी त्या गर्दीत मान खाली घालून उभी होते, कारण खिशात इथल्या नोकरीचं पत्र होतं. लोक मला पेढा भरवायला येत होते आणि मी तो रुमालात बांधून ठेवत होते. रात्र होऊ दिली नाही, संध्याकाळीच सांगितलं. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. शिव्या द्याल, कात्री फेकाल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्यानंतर कधीच नाही. पाण्याखालीसुद्धा एवढं गप्प नसतं, अप्पा. तिथं निदान आपल्याच श्वासाचा आवाज येतो.

गुरुराव: मला वाईट वाटलं.

भाग्या: मलाही वाटलं.

गुरुराव: दुकानाचं नाही गं. दुकान काय, बाबांच्या मागं एकट्यानंच चालवलं मी. तुझी कात्री जशी चालायची तशी माझीही चालत नाही, ती थांबली त्याचं वाईट वाटलं. नंतर नंतर तेही राहिलं नाही. नंतर भीतीच वाटायला लागली. पेपरात समुद्राचं काही आलं की मी पान उलटतो. फोन केला आणि तू उचलला नाहीस, तर काय समजायचं मी? त्यापेक्षा केलाच नाही तर बरं.

अनुसूया: हे मला कधी सांगितलं नाहीत.

गुरुराव: तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस.

अनुसूया: आत्ता काय करतेय मग मी?

भाग्या: रडू नकोस, आई. कुर्त्याला डाग पडेल. अप्पा, मी एकटी कधी खाली जात नाही. कुणीच जात नाही. जोडीनंच जायचं आणि एकमेकांवर डोळा ठेवायचा, असा इथला नियम आहे. तुमच्या नियमासारखाच, कुणी मोडत नाही.

गुरुराव: चांगला आहे नियम.

भाग्या: तुमच्या नियमाचं मात्र काय झालं?

गुरुराव: माझ्या? काय झालं?

भाग्या: हा कुर्ता कुणी कापला?

गुरुराव: मी.

भाग्या: शिवतंय कोण?

गुरुराव: मीच. दिसत नाही का?

भाग्या: मग ट्रायल कुणी घ्यायची?

गुरुराव: घेतोय की. ही काय चाललीय?

भाग्या: ही कोरड्यातली ट्रायल. कुर्ता पाण्यातला आहे. चीर वीतभर पुरते की नाही, काखेत ओढतं की नाही, घेर फुगतो की नाही, ते इथं दुकानात कसं कळेल तुम्हाला?

गुरुराव: बादलीत बघितलं मी.

भाग्या: बादलीत कापड बघितलंत. आई नव्हती बादलीत.

अनुसूया: बरोबर आहे तिचं.

गुरुराव: तू गप्प बस. वकील झालात दोघी. पुढच्या महिन्यात लग्नाची कामं आहेत. कुलूप लावून गेलो तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

अनुसूया: विचारलं तर शेजारचे सांगतील, मास्तर ट्रायल घ्यायला गेलेत.

गुरुराव: मी पाण्यात उतरणार नाही.

भाग्या: उतरू नका. किनाऱ्यावर उभे राहा. आमचं पाणी इतकं स्वच्छ आहे की गुडघ्यापर्यंत आलात तरी घेर दिसेल तुम्हाला.

गुरुराव: तिथनं तो टॉर्चचा लाल दिसत नसेल.

भाग्या: तिथनं नाही. त्यासाठी डोकं पाण्यात घालावं लागेल. जाकीट देते, हात धरते. वरवरच एक जागा आहे, माझ्या उंचीएवढ्या पाण्यात. तिथं लालही आहे, टॉर्चसुद्धा लागत नाही.

गुरुराव: डोकं कधी घालायचं ते मी बघेन. आधी गुडघ्यापर्यंत.

अनुसूया: आणि घालणार काय? धोतर नेसून जाता का समुद्रात?

भाग्या: इथं भाड्यानं मिळतो सूट—

गुरुराव: भाड्याचं नको. हेच कापड दीड मीटर उरलंय.

अनुसूया: लाल चड्डी घालणार तुम्ही?

गुरुराव: मासे हसतील ते दोघांना मिळून हसतील. भाग्याच्या आई, झालं, आत जाऊन कुर्ता काढ. सांभाळून काढ, टाचण्या आहेत. आणि ते तिकीट रद्द केलं नाहीस ना खरंच?

अनुसूया: नाही म्हटलं ना मघाशी.

गुरुराव: मग तुझ्या पिशवीला दुसरी जागा बघ.

भाग्या: अप्पा, मी आता निघते. बोट आलीय, माणसं वाट बघतायत.

गुरुराव: किती जण नेतेस?

भाग्या: आज दोघंच. नवीन लग्न झालंय. दोघंही घाबरलेत.

गुरुराव: सांभाळून ने. वर आलीस की फोन कर.

भाग्या: तुमच्या फोनवर करू?

गुरुराव: माझ्यावर. तुझ्या आईचे हात दुखतात.

अनुसूया: आणि माझ्या ब्लाऊजचं काय? सगळ्यांचं जमलं, तो वरच राहिला फळीवर.

भाग्या: आणा येताना. मी शिवते. मशीन नाही इथं, हातानं शिवेन, दुपारी बसून. मला आठवतंय, पाठीकडं जास्त माया सोडली होती मी. आई त्या वर्षी सुटत होती.

अनुसूया: ऐका, मी सुटत होते.

भाग्या: पण अप्पा, तो वांगी रंगाचा दोरा इथं मिळायचा नाही. आपल्या सुहास स्टोअर्समध्येसुद्धा तेव्हा एकच रीळ होतं. विसरू नका हां.

गुरुराव: विसरायचं काय त्यात? तू गेलीस त्याच संध्याकाळी ते रीळ बोचक्यात बांधून ठेवलंय मी.